सी हॅरियर निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, तरी विमानप्रेमी त्याच्यासाठी का हळहळतात?

नौदलाकडे मिग-२९के हे कितीतरी वेगवान विमान असताना २०१६ मध्ये निवृत्त झालेल्या सी हॅरियर या लढाऊ विमानाच्या आठवणी लोक अजून का काढतात आणि ही निव्वळ जुन्याची ओढ नव्हे का, असे आपण विचारले आहे. मी गोव्यातल्या वास्कोत वाढले आणि जवळच्या दाबोळी विमानतळाच्या आकाशात हे विमान वर्षानुवर्षे पाहिले, म्हणून उत्तर लिहिते आहे. माझ्या मते सी हॅरियरबरोबर उड्डाणाची एक संपूर्ण पद्धतच भारतीय नौदलातून गेली आणि तिची जागा आजवर कशानेही भरून निघालेली नाही; हळहळ तिच्यासाठी आहे.

ती पद्धत आधी समजून घ्यावी लागेल. या विमानात पेगासस नावाचे एकच इंजिन असे, पण त्याचा झोत शेपटीतून मागे न जाता दोन्ही बाजूंच्या चार फिरत्या नॉझलमधून, म्हणजे तोट्यांमधून, बाहेर पडे. पुढच्या दोहोंतून पंख्याची तुलनेने थंड हवा आणि मागच्या दोहोंतून तप्त वायू. वैमानिकाच्या डाव्या हाताशी, इंजिनाची ताकद कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटलच्या शेजारी, आणखी एक लिव्हर होता. तो मागे ओढला की चारही नॉझल एकदम खाली वळत आणि विमानाचा भार पंखांवरून इंजिनाच्या झोतावर येई. वेग शून्याजवळ आला की पंख आणि शेपटीवरच्या नेहमीच्या नियंत्रणांचा उपयोग उरत नाही, म्हणून नाक, शेपूट आणि पंखांची टोके येथील छोट्या झडपांतून इंजिनातली दाबाखालची हवा सोडून तोल सांभाळावा लागे. ते नेहमी सरळ वर उडत असे, हा समज मात्र बरोबर नाही. इंधन आणि क्षेपणास्त्रे यांच्या वजनासह तसे उडणे परवडणारे नव्हते. विराट या विमानवाहू जहाजाच्या पुढच्या टोकाला स्की-जंप, म्हणजे वर वळलेला चढ होता. थोडी धाव घेऊन विमान त्यावरून झेपावे आणि इंधन संपत येऊन हलके झाले की परतताना जहाजाच्या बाजूला येऊन हवेत थांबे, आडवे सरकत डेकवर येई आणि मग खाली उतरे.

हे वेगळेपण किती मोठे आहे, ते एकाच स्क्वाड्रनच्या इतिहासात दिसते. तीनशे क्रमांकाच्या ‘व्हाइट टायगर्स’ स्क्वाड्रनकडे पूर्वी सी हॉक विमाने होती. १९७१ च्या युद्धात जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावरून त्यांनी पूर्व पाकिस्तानच्या बंदरांवर हल्ले केले. डेकवर उतरताना सी हॉकच्या शेपटीखालचा हुक आडव्या ताणलेल्या तारेत अडके. आज त्याच स्क्वाड्रनचे मिगही हुक तारेत अडकवूनच थांबते. मधली बत्तीस वर्षे, म्हणजे डिसेंबर १९८३ मध्ये पहिली सी हॅरियर दाबोळीला आली आणि अरुण प्रकाश यांनी (जे पुढे नौदलप्रमुख झाले) त्याच महिन्यात ती विक्रांतच्या डेकवर उतरवली तेव्हापासून ११ मे २०१६ च्या निरोप समारंभापर्यंत, या वैमानिकांना तारेची गरज नव्हती. आधी थांबायचे आणि नंतर उतरायचे, हे कौशल्य एका पिढीने कमावले, पुढच्यांना शिकवले आणि ते तिथेच थांबले.

शिवाय हे कौशल्य कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसत असे. मिग डोक्यावरून जाते तेव्हा आवाज उरतो आणि विमान पुढे निघून गेलेले असते. सी हॅरियर समोर थांबत असे. दाबोळीची धावपट्टी नौदल आणि प्रवासी विमाने दोघेही वापरत असल्याने, ज्यांना विमानांचे काहीच कळत नाही अशा प्रवाशांनीही ते दृश्य पाहिलेले आहे. माझ्या आजीला ध्वनीच्या दुप्पट वेगाचे कौतुक समजावून सांगावे लागले असते. हवेत स्थिर उभे राहिलेले विमान मात्र तिने स्वतःच अंगणात उभे राहून पाहिले.

याची किंमत मोठी होती आणि ती विसरून केलेले स्मरण मला मान्य नाही. ताफ्याचा मोठा भाग अपघातांत गेला आणि तरुण वैमानिकही गेले. ब्रिटिशांनी आपली सी हॅरियर २००६ मध्येच सेवेतून काढल्यावर सुटे भाग मिळणे कठीण होत गेले. तरीही इस्रायली रडार आणि डर्बी क्षेपणास्त्रे बसवून आपल्या नौदलाने उरलेली विमाने आणखी दहा वर्षे चालवली. त्या तंत्रज्ञांचे श्रेय फार कमी वेळा दिले जाते. पुढे जहाजेही राहिली नाहीत. जुनी विक्रांत मुंबईत तोडली गेली. विराट, जी १९८२ मध्ये हर्मिस या नावाने फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख जहाज होती, ती २०१७ मध्ये निवृत्त होऊन अलंगला भंगारात गेली. त्यामुळे त्या काळाचे जे काही शिल्लक आहे, ते ही थोडी जपून ठेवलेली विमानेच.

आपण गोव्यात आलात तर बोगमाळोच्या रस्त्यावरील नौदल विमान संग्रहालयात अवश्य जा. तेथे सी हॅरियर आणि सी हॉक दोन्ही आहेत. सी हॅरियरच्या बाजूला उभे राहून पुढचे आणि मागचे नॉझल पाहा, मग पंखाच्या टोकाशी जाऊन ती लहानशी झडप शोधा. सी हॉकवर यातले काहीच सापडणार नाही.