बटरफ्लाय आत्ता नको : मिरेला फ्रेनीच्या आठवणीने

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. कॉन्सर्टमध्ये तुला पुच्चिनीच्या 'मादाम बटरफ्लाय' या ऑपेरातलं 'उन बेल दी' हे गाणं गायला सांगितलंय, घरचे आणि मैत्रिणी सगळे म्हणतायत की संधी सोडू नकोस, आणि तू मला विचारतेयस की घेऊ का. माझं म्हणणं, आत्ता घेऊ नकोस. पण नुसतं एवढं सांगून तुझं समाधान होणार नाही हे मला माहितीये, म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

ऑपेरातली मोठी सोप्रानो (बायकांमधल्या सगळ्यात उंच आवाजाची गायिका) मिरेला फ्रेनी 9 फेब्रुवारी 2020 ला गेली. इटलीतल्या मोदेनाला जन्मली आणि मोदेनातच गेली, 84 वर्षांची होती. तेव्हा बातम्यांमध्ये सगळीकडे एकच किस्सा फिरत होता, की ती आणि प्रसिद्ध ऑपेरा गायक पावारोत्ती एकाच गावात एकाच वर्षी, 1935 मध्ये जन्मले, दोघांच्या आया तंबाखूच्या कारखान्यात कामाला होत्या त्यामुळे दोघं एकाच दूधआईकडे वाढले, आणि ती हसत म्हणायची की जास्त दूध कोणाला मिळालं ते दिसतंच आहे. किस्सा गोडच आहे. पण मला तेव्हा फार वाटत होतं की अरे, ही बाई पन्नास वर्षं स्टेजवर गायली आणि शेवटपर्यंत आवाज ताजा ठेवला, ते कसं केलं हे कोणीतरी नीट सांगा ना. तर ते आज तुला सांगते.

ती लहान असताना एका रेडिओच्या स्पर्धेत गायली होती, आणि काय गायली तर हेच 'उन बेल दी'. तिथे बेनियामिनो जिली होता, त्या काळातला एवढा मोठा टेनर (पुरुषांमधल्या उंच आवाजाचा गायक), त्याने तिला बक्षीस मिळवायच्या युक्त्या नाही सांगितल्या, सांगितलं की मोठी होईपर्यंत गाणं बंद ठेव नाहीतर आवाजाचं वाटोळं होईल. आणि तिने ऐकलं! सतराव्या वर्षी परत सुरू केलं. विचार कर, गळ्यात एवढं असताना गप्प बसायचं, तेही त्या वयात. मला हे तिच्या कुठल्याही रेकॉर्डइतकंच मोठं वाटतं.

आता त्या गाण्यात असं काय आहे ते बघ. सुरुवातच वरच्या जी फ्लॅटवर, म्हणजे उंच सुरावर, आणि तीही हळू, लांबून ऐकू आल्यासारखी. मग मधे आवाज खाली उतरतो, जवळजवळ बोलल्यासारखं गायचंय, तिथे भावना दाखवायच्या नादात तुमच्या वयाच्या मुली खालच्या पट्टीतला जड, छातीचा आवाज रेटतात. आणि एवढं रेटून झाल्यावर शेवटी त्याहूनही उंच, वरचा बी फ्लॅट, खाली पूर्ण ऑर्केस्ट्रा जोरात. आपल्याकडे गाणाऱ्याच्या पुढ्यात माईक असतो, साउंडवाला सांभाळून घेतो. ऑपेरात माईक नाही, एकटा गळा आणि समोर साठ-सत्तर वादक. तू पियानोवर गाशील हे खरंय, पण गळ्याला जी सवय लागेल ती ऑर्केस्ट्रावाल्या बटरफ्लायचीच लागेल, तेच तर मला नकोय.

फ्रेनी 1955 मध्ये मोदेनाला 'कार्मेन' ऑपेरातली मिकाएला गाऊन उभी राहिली. नंतर मोत्सार्टच्या 'दोन जोव्हान्नी'तली त्सेरलीना, व्हेर्दीच्या 'फाल्स्ताफ'मधली नानेत्ता असल्या हलक्या, तरुण मुलींच्या भूमिका केल्या. 1963 ला मिलानच्या ला स्काला थिएटरात कंडक्टर कारायानच्या हाताखाली 'ला बोएम'मधली मिमी, आणि तिथून ती जगभर गेली. त्याची फिल्म आहे, 1965 ची, ती बघच. मिमी आपली ओळख सांगते ना, मी शिवणकाम करते, एकटी राहते, सगळं साधं साधं, आणि मग बर्फ वितळल्यावर पहिलं ऊन माझं असं म्हणताना ऑर्केस्ट्रा एकदम उसळतो. तिथे फ्रेनी आवाज वाढवत नाही गं, उघडते. दार उघडल्यावर उजेड आत येतो तसं. आणि शेवटच्या ओळी, की मी तुमची शेजारीण, अवेळी येऊन त्रास देतेय, त्या पुन्हा अगदी बोलल्यासारख्या. मी तो तुकडा किती वेळा ऐकलाय याला गणती नाही. मोठ्याने गाणारे पुष्कळ भेटतील, असं उघडता येणारे फार थोडे.

सगळं छानच झालं असंही नाही हं. 1964 ला ला स्कालातच 'ला त्राव्हियाता' केला तेव्हा लोकांनी तिला हूट केलं. त्या थिएटरात मारिया कॅलासने गायलेली व्हायोलेत्ता, म्हणजे त्या ऑपेराची नायिका, लोकांच्या डोक्यात होती आणि ही पोर त्यात बसत नव्हती. दुसरी कोणी असती तर हट्टाला पेटून आणखी जड भूमिकांच्या मागे लागली असती. ही पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराला गेली ती परत मिमी म्हणूनच.

पुढे कारायानने तिला जड भूमिकांकडे नेलं, देस्देमोना, एलिसाबेत्ता, 1979 मध्ये आयदासुद्धा, आणि ती गेली, म्हणजे घाबरट नव्हती, वय चाळिशीकडे आल्यावर आवाजात वजन आलं तसं एकेक उचललं. पण त्याने तुरान्दोत ही फारच जड भूमिका विचारली तेव्हा स्पष्ट नाही म्हणाली. कारायानला नाही म्हणणं म्हणजे काय चीज आहे तुला कळायचं नाही, त्याच्या एका शब्दावर गायकांची करिअर्स व्हायची.

आणि बटरफ्लाय? तिने ती रेकॉर्ड केली, 1974 मध्ये फिल्मसुद्धा केली, इतकी सुंदर की ऐकताना मला आजही रडू येतं. पण स्टेजवर पूर्ण बटरफ्लाय तिने कधीच गायली नाही. स्टुडिओत थांबता येतं, पाणी पिता येतं, परत टेक घेता येतो. स्टेजवर बटरफ्लाय एकदा आली की जवळजवळ शेवटपर्यंत हटत नाही. एवढा फरक ओळखून तिने एक गोष्ट घेतली आणि एक सोडली.

म्हणून तर पुढे रशियन ऑपेरांतली तात्याना आली, लीसा आली (घरात नवरा निकोलाय ग्याउरोव्ह, रशियन ऑपेराचा एवढा मोठा बास, म्हणजे खर्जातला गायक), आणि 2005 मध्ये वॉशिंग्टनला सत्तराव्या वर्षी ती चायकोव्हस्कीच्या ऑपेरातली जोन ऑफ आर्क गायली. सत्तरीत कोवळ्या मुलीची भूमिका, आणि आवाज साथ देत होता.

आता तुझं. संयोजकांना फोन कर, मेसेज नको. सांग की गायचंय, आनंदाने गायचंय, फक्त गाणं बदलून द्या. त्सेरलीनाचं 'वेद्राई कारीनो' तुझ्या गळ्यात आत्ताच छान बसतं, किंवा नानेत्ताचं परीवालं घे, त्यात लांब श्वासाचं काम आहे आणि तेच तुझं कच्चं आहे, त्यामुळे मला ते जास्त आवडेल. ते नाराज झाले आणि दुसरीला घेतलं तर घेऊ देत, त्या दिवशी वाईट वाटेल, माझ्याकडे जेवायला ये. आणि फोन याच आठवड्यात कर, पियानोवाल्याने बटरफ्लाय बसवायला घेतली असेल, त्याची मेहनत वाया जायला नको.

तुझी,
ताई