वाऱ्याच्या आकड्याबरोबर पाण्याचाही आकडा बघा

तुमचे प्रश्न दोन आहेत: चक्रीवादळ मुळात तयार कसं होतं, आणि ताशी 100 किलोमीटर म्हणजे हायवेवरच्या गाडीचाच वेग, मग त्याने एवढी वाताहत कशी होते?

चक्रीवादळ वाफेवर चालतं. समुद्राचा वरचा थर साधारण 50 मीटर खोलीपर्यंत 26.5 अंशांच्या वर तापला की भरपूर बाष्प वर चढतं. उंचावर गार होऊन त्याचं पाणी होतं आणि त्यात साठलेली उष्णता हवेत सुटते. हवा आणखी हलकी होऊन आणखी जोरात वर जाते, खाली दाब घटतो, आणि ती जागा भरायला चहूबाजूंनी नवी दमट हवा धावत येते. म्हणजे वादळ स्वतःचं इंधन स्वतःच ओढून घेतं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे हा वारा सरळ केंद्रात न शिरता वळतो. उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट, दक्षिणेत घड्याळाप्रमाणे. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हे वळणं फार क्षीण असतं, त्यामुळे तिथे चक्रीवादळं सहसा होत नाहीत. शिवाय वरच्या आणि खालच्या थरांतल्या वाऱ्यात फार तफावत असली तर ढगांचा मनोरा कलतो आणि वादळ बाळसं धरत नाही. जमिनीवर आलं की बाष्प मिळेनासं होतं आणि त्याचा जोर ओसरतो.

आता वेगाचं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 60 चा वारा 120 झाला की दाब दुप्पट नाही, चौपट होतो. पत्र्याचं छप्पर बघा: वारा वळचणीखालून आत घुसून वर ढकलतो, छपरावरून जाणारा वारा वर खेचतो. कडेचा एक खिळा सुटला की पत्रा फडफडायला लागतो, मग शेजारचे खिळे ढिले होतात, आणि पुढे तोच पत्रा हवेत पात्यासारखा सुटतो.

तरीही मोठ्या वादळांत सर्वांत जास्त बळी पाण्याने घेतले आहेत, आणि हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. दिवसभर एकाच दिशेने ढकललेलं समुद्राचं पाणी उथळ किनाऱ्याशी फुगतं आणि आत शिरतं. त्यात भरतीची वेळ जुळली तर आणखी वाईट. बंगालच्या उपसागराचं उत्तर टोक उथळ आणि निमुळतं आहे. 1970 च्या भोला चक्रीवादळात तिथे किमान 3 लाख माणसं गेली. 2008 मध्ये नर्गिसने म्यानमारच्या इरावती खोऱ्याच्या मुखाशी लाखाहून जास्त बळी घेतले. 2013 मध्ये फिलिपीन्समध्ये हैयानच्या वेळी इशारा आधी दिलेला होता, पण त्यातला ‘स्टॉर्म सर्ज’ (वादळाने फुगून किनाऱ्यावर आत शिरणारं समुद्राचं पाणी) हा शब्द अनेकांना कळलाच नाही. त्सुनामीसारखं पाणी येणार असं सांगितलं असतं तर पळालो असतो, असं लोक नंतर म्हणाले. हे आठवलं की अजून जीव कळवळतो.

वेळेवर हलवलं तर माणसं वाचतात. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे 10,000 जण मेले. 2019 मध्ये फनी आलं तेव्हा 12 लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते आणि तिथला मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. शेती मात्र हलवता येत नाही. खारं पाणी ओसरलं तरी मीठ मातीत राहतं, विहिरी मचूळ होतात, पुढचे हंगामही हातचे जातात.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी वादळाच्या डोळ्याबद्दल सांगतो. केंद्र डोक्यावर आलं की वारा एकदम पडतो, पाऊस थांबतो, कधी आभाळही दिसतं. लोक छप्पर बघायला, गुरं सोडायला बाहेर येतात. थोड्या वेळाने डोळ्याची दुसरी कड येते आणि वारा उलट्या दिशेने तेवढ्याच जोराने सुटतो. म्हणून वारा अचानक थांबला तरी, वादळ पुढे सरकल्याची अधिकृत सूचना मिळेपर्यंत दार उघडू नका.