थिअरी घेऊ की प्रयोगशाळा?

प्रश्न : मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. चुंबकत्व अतिसंवाहकता (वीज अजिबात रोध न होता वाहण्याचा गुण) मोडतं असं शिकले, पण काही थरांच्या पदार्थांत दोन्ही एकत्र सापडतात असंही वाचलं. यातच संशोधन करायचं आहे. गणित चांगलं असल्याने सगळे म्हणतात, थिअरी घे. काय करू?

उत्तर : तुला शिकवलं ते बरोबरच आहे. अतिसंवाहकता समजावणाऱ्या १९५७ च्या बीसीएस सिद्धांतात इलेक्ट्रॉन विरुद्ध स्पिनच्या जोड्या करतात (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचा अंगभूत गुण, ज्यामुळे तो इवल्या चुंबकासारखा वागतो). लोहचुंबकात सगळे स्पिन एका दिशेला वळतात आणि जोडी टिकत नाही. पण १९८६ मध्ये बेडनॉर्ट्झ आणि म्यूलर या भौतिकशास्त्रज्ञांना तांब्याच्या ऑक्साइडमध्ये अतिसंवाहकता सापडली. त्याचा मूळ पदार्थ प्रतिलोहचुंबक होता, म्हणजे शेजारच्या अणूंचे स्पिन उलटसुलट. भेसळ करून ती मांडणी विस्कटली की अतिसंवाहकता येते. चुंबकीय चढउतारच इथे जोड्या बांधत असावेत असं अनेकांना वाटतं, मात्र एकमत अजून नाही.

२००८ पासून लोहाच्या आर्सेनाइडांनी (लोह आणि आर्सेनिक असलेल्या संयुगांनी) यात आणखी गंमत आणली. रुबिडियम, युरोपियम, लोह आणि आर्सेनिक यांच्या एका संयुगात सुमारे ३६ केल्विनला (उणे २३७ अंश सेल्सियस) अतिसंवाहकता येते आणि १५ केल्विनच्या आसपास युरोपियमचे स्पिनही शिस्तीत लागतात, तरी अतिसंवाहकता टिकते. कारण ती लोह-आर्सेनिकच्या थरात राहते आणि ही नवी शिस्त युरोपियमच्या थरात; एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडं. कोबाल्ट मिसळलेल्या बेरियम-लोह-आर्सेनाइडमध्ये मात्र दोन्ही कामं लोहाचेच इलेक्ट्रॉन करतात. तिथे अतिसंवाहकता सुरू झाली की चुंबकीय क्रम कमजोर पडतो.

आता तुझा निर्णय. या विषयातला मुख्य प्रश्न असा : दोन्ही गुण खरोखर एकाच जागी आहेत, की नमुन्याचा एक तुकडा चुंबकीय आणि दुसरा अतिसंवाहक? नुसता रोध शून्य झाला म्हणून हे कळत नाही, कारण थोड्या भागातून वाट मिळाली तरी रोध शून्य दिसतो. त्यासाठी चुंबकन मोजावं लागतं, म्युऑन आणि न्यूट्रॉन या कणांचे झोत वापरावे लागतात, आणि त्याआधी चांगला स्फटिक वाढवावा लागतो. म्हणून एम.एस्सी.चा प्रकल्प प्रयोगशाळेत कर, असं मी आग्रहाने सांगेन. थिअरीकडे नंतर जाता येतं. त्या वेळी कोणत्या आलेखावर किती विश्वास ठेवायचा हे तुला कळत असेल. गणित चांगलं आहे हे थिअरी निवडायला पुरेसं कारण नाही. (आलेख बघायचा कंटाळा येत असेल, तर मात्र वेगळं बोलू.)

घरच्यांना नोकरीची काळजी असेलच. निर्वात यंत्रणा, द्रव हेलियम, सूक्ष्म विद्युत मोजमाप ही कौशल्यं एमआरआय आणि क्वांटम संगणकाच्या उद्योगातही चालतात. प्राध्यापकीच्या जागा मोजक्या असतात, हे घरी आधीच स्पष्ट सांग.

गट निवडताना मार्गदर्शकाच्या नावापेक्षा तिथल्या पीएच.डी.च्या मुलांना विचार : स्फटिक स्वतः वाढवता का, आणि क्रायोस्टॅट (नमुना अतिथंड ठेवणारं यंत्र) महिन्यातून किती दिवस चालू असतो?