पिशवी काढायची घाई करण्याआधी

ताई, तुम्ही लिहिलंत: वय ४६, पाळी कधी वीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी, आली की धो धो, रात्री घामाने जाग. एक डॉक्टर म्हणाले, 'उंमर थई बेन, आवुं तो थाय' (वय झालं, असं होतंच). दुसऱ्या म्हणाल्या, 'पिशवी (गर्भाशय) काढून टाका, कटकट संपेल.' इथे बडोद्यात हीच दोन उत्तरं मी इतक्या बायकांकडून ऐकली आहेत की आता राग येतो.

गरम वाफा, उडालेली झोप, धडधड, उगाच येणारं रडू हे बहुतेक पाळी जायच्या आधीच्या काळात बीजकोशातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन वरखाली होण्यामुळे. पिशवी काढून रक्तस्राव थांबेल, वाफा थांबणार नाहीत. आणि सोबत बीजकोशही काढले, तर त्या एकदम आणि जोरात सुरू होतात. हे ऑपरेशनच्या आधी सांगणारे फार थोडे.

तुमच्याकडे खरं तर दोन तक्रारी आहेत, त्या वेगळ्या करून मांडा. पहिली जास्त अंगावर जाण्याची. तिचं कारण शोधायला हवं: गाठ, पॉलिप, जाड झालेलं अस्तर. त्यासाठी खालून करायची सोनोग्राफी, आणि पंचेचाळिशीनंतर बहुधा अस्तराचा तुकडा तपासणं. त्यावर रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी आहे. एवढं करून भागलं नाही किंवा तुकड्यात काही निघालं तर ऑपरेशन, त्याला माझा विरोध नाही.

दुसरी तक्रार वाफांची. तुमच्या वयाला ती ओळखायला लक्षणं आणि पाळीच्या तारखा पुरतात. एफएसएच (बीजकोशांना चालना देणारं हार्मोन, रक्तात तपासतात) या काळात सतत बदलतं, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून 'तुम्हाला काही नाही' हे ऐकून घेऊ नका. चाळिशीच्या आतल्या बाईची गोष्ट वेगळी, तिला ती तपासणी हवीच. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन मात्र कराच, थायरॉइडनेही घाम आणि धडधड होते.

वाफांवर हार्मोनच्या औषधांचं नाव काढलं की 'कॅन्सर होतो' म्हणतात. ती भीती मुख्यतः २००२ सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं! साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा धोक्यापेक्षा जास्त. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हवंच. ही जोडी बरीच वर्षं घेतली तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, तेही विचारून घ्या. स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा यकृताचा मोठा आजार झालेल्यांना, आणि रक्तस्रावाचं कारण न कळलेल्यांना सहसा देत नाहीत. म्हणून तुमची आधी सोनोग्राफी, मग हे बोलणं. हार्मोन नको असतील तर व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिनसारख्या गोळ्या आहेत. व्हेन्लाफॅक्सिन बघून मेडिकलवाला 'ही तर डिप्रेशनची' म्हणाला तर दचकू नका, वाफांवरही देतात. अळशी खा, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका.

जाताना कालनिर्णय घेऊन जा. पाळीचे दिवस लाल, जागरणाची रात्र फुलीने, पॅड किती लागले, गुठळ्या पडल्या का, तिथेच लिहा. आणि गौरी-गणपती, नवरात्रात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर तेही लिहा. आपल्याकडे गरब्याच्या नऊ रात्रींसाठी त्या सर्रास घेतात आणि डॉक्टरांना सांगायचं विसरतात, मग तारखांवरून काहीच कळत नाही.

खाजगीत परवडत नसेल तर सरकारी सयाजी हॉस्पिटलची स्त्रीरोग ओपीडी आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जा. कुठेही गेलात तरी यजमानांना थोडा वेळ बाहेर बसवा. संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीला वारंवार जळजळते, हे त्यांच्यासमोर निघत नाही. त्यावर आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम छान काम करतं आणि रक्तात फारच कमी जातं.

तासाला एक पॅड भरत असेल किंवा चक्कर येत असेल तर वाट न पाहता जा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभर दिसलं तरी दाखवायचंच.

आणि हो, दोन महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असं नाही, या वयातही दिवस राहतात. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढे दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष दिवस राहू नयेत म्हणून काळजी घ्यावी लागते. पुढच्या वेळी लांबली तर आधी दिवस राहिलेत का ते कळायची स्ट्रिप आणून घरी टेस्ट करा. दुकानदार टकमक बघेल, बघू दे.