इंग्रजीत 'क्लोज' आणि 'विथहोल्ड' यांच्या उलट अर्थाचे शब्द कोणते?

तुम्ही लिहिलंय, की 'क्लोज' म्हटलं की 'ओपन' लगेच आठवतो, पण 'विथहोल्ड', 'रिस्ट्रेन' असे अडवून धरण्याचे शब्द आले की परीक्षेत हात थांबतो. मी कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यात, कृष्णाकाठच्या गावात दहावीच्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेतो. दरवर्षी मुलं इथंच अडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडं सगळ्यांचं लक्ष कोयनेकडं असतं. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, आणि तिकडं सोडलेलं पाणी पुढं आमच्या मळीत शिरतं. कल्लोळ-यडूरचा पूल पाण्याखाली गेला की पलीकडचे लोक पलीकडंच. अशाच एका संध्याकाळी मी मुलांना पेपरातली बातमी इंग्रजीत लिहायला सांगितली, 'कोयनेचे सहा वक्र दरवाजे उघडले, पाणी सोडले.' एका मुलीनं लिहिलं, 'दे ओपन्ड द गेट्स अँड ओपन्ड द वॉटर.'

मी विचारलं, "घरी आई काय म्हणते? पाणी उघडलं?"

"नाही सर, सोडलं म्हणते."

"आणि शेजारच्या कन्नड मावशी?"

"नीर बिट्टार."

'बिट्टार' म्हणजे सोडलं. दार उघडायला मात्र त्या मावशी 'तगी' म्हणतात. म्हणजे दाराला एक क्रियापद आणि पाण्याला दुसरं, हे त्या पोरीला दोन भाषांत आधीच येत होतं. इंग्रजीही तेच करते. गेट ओपन होतं, पाणी रिलीज होतं. सुटलेलं पाणी मोजायचं झालं की डिस्चार्ज, ज्याला पेपरवाले विसर्ग म्हणतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. डिस्चार्जचा मूळ अर्थ गाडीवरचं ओझं उतरवणं, म्हणून दवाखान्यातून पेशंटलाही डिस्चार्जच मिळतो.

तेव्हा उलट शब्द शोधताना आधी बघा, अडलं होतं काय? आपल्या 'बंद'लाच दोन उलट शब्द आहेत. दार बंद असेल तर उघडं, पंखा बंद असेल तर चालू. मुलं 'क्लोज द फॅन' लिहितात ती इथंच फसतात. इंग्रजीत पंखा स्विच ऑफ होतो आणि स्विच ऑन होतो, तिथं क्लोज-ओपनचा संबंधच नाही. नळाचंही तसंच, आपण नळ सोडतो, ते टर्न ऑन करतात. आणखी एक सांगून ठेवतो. विशेषण म्हणून आलेला 'क्लोस', म्हणजे जवळचा, याचा उच्चारही वेगळा आणि उलट शब्दही वेगळा, 'डिस्टंट'. प्रश्नात पूर्ण वाक्य दिलं असेल तर ते वाचल्याशिवाय 'ओपन'वर खूण करू नका.

आता 'विथहोल्ड'. हा शब्द आमची मुलं भीतीनं शिकतात, कारण निकालावर 'विथहेल्ड' आलं की घरात चूल पेटत नाही. असा अडलेला निकाल, थकलेलं ऊसबिल, रोखलेला पगार, या सगळ्यांना उलट शब्द 'रिलीज'. परवानगी अडवली असेल तर 'ग्रँट'. माहिती दडवली असेल तर 'डिस्क्लोज', आणि यात 'क्लोज'च आहे बघा, पुढं 'डिस' लागून उलटा झालेला. 'रिव्हील' म्हणजे पडदा बाजूला करणं. 'डायव्हल्ज'मध्ये लॅटिनमधला 'व्हल्गस', म्हणजे सामान्य लोक, दडलाय. गुपित चारचौघांत नेलं की डायव्हल्ज.

'अन' या उपसर्गाकडं नीट लक्ष द्या. 'अनहॅपी'तला 'अन' नुसता नकार देतो. 'अनलॉक', 'अनटाय', 'अनफोल्ड' या क्रियापदांतला 'अन' मात्र झालेलं काम उलटं फिरवतो. आधी गाठ मारलेली असेल तरच ती अनटाय होईल. 'रिस्ट्रेन'च्या उलट 'अनलीश' याच घरातला. लीश म्हणजे कुत्र्याला धरायची दोरी. त्यामुळं या शब्दात नुसतं सोडणं नाही, मोकाट सोडणं आहे. गोठ्यातली म्हैस पाण्यावर न्यायला दावं सोडलं तर ते अनटाय. ती दुसऱ्याच्या उसात घुसली तर तिला कुणीतरी 'लेट लूज' केलंय. माझ्या मते 'फ्री' आणि 'रिलीज' एवढे दोन हाताशी असले तरी माणसांबद्दलची बहुतेक वाक्यं निभावतात. जुन्या लॅटिन मुळानं 'रिलीज' हा 'रिलॅक्स'चा भाऊ, धरलेली मूठ सैल करणं.

शेवटी 'लेट'. 'लेट गो' म्हणजे सोडून देणं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण घरात कुणाचा पासपोर्ट असेल तर तो उघडून राष्ट्रपतींच्या नावानं केलेली विनंती वाचा. धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' जाऊ द्यावं, असं तिथं छापलंय. तिथला 'लेट' म्हणजे अडथळा. जुन्या इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द होते, एक जाऊ देण्याचा, एक अडवण्याचा. वापरून वापरून दोघांचं रूप एकच झालं, आणि अडवणारा 'लेट' आता बहुतेक करून अशा सरकारी वाक्यांतच दिसतो.