दंड मजबूत असूनही ठोशाला जोर का येत नाही?

आपण मालवणजवळ राहता, परिसरात प्रशिक्षक नाही, मांगरात वाळूची पिशवी टांगून सराव करता आणि नियमित व्यायामाने दंड भरलेले असूनही ठोसा पोकळच बसतो, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. रत्नागिरीत मुलांना बॉक्सिंग शिकवताना ही तक्रार मी सतत ऐकतो, आणि बहुतेक वेळा दोष दंडांत नसून पायांत असतो. रापणीचे मासेमारीचे जाळे किनाऱ्यावर ओढताना हात केवळ दोर धरून असतात, खरे काम वाळूत रोवलेले पाय आणि कंबर करतात. ठोशाचेही तसेच आहे.

उजव्या हाताने मारणाऱ्याने डावा पाय पुढे ठेवावा, गुडघे सैल सोडावेत आणि मागची टाच जमिनीपासून किंचित उचललेली असावी. क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, मारताना सर्वप्रथम हीच टाच बाहेरच्या बाजूला वळते, तिच्यामागून कंबर, कंबरेमागून खांदा आणि सर्वांत शेवटी हात सुटतो. हात आधी सुटला आणि कंबर मागाहून वळली, तर ठोशात केवळ दंडाचे बळ उरते. खांदा आणि मूठ तोवर सैलच असावी, कारण आधीपासून ताठलेले स्नायू हाताचा वेग खातात. मूठ आवळायची ती ठोसा लागण्याच्या क्षणी, आणि त्याच क्षणी श्वास झटक्याने सोडायचा. मनगट सरळ ठेवून तर्जनी व मधल्या बोटाच्या मुळाशी असलेली हाडे आधी टेकवावीत. करंगळीच्या बाजूने ठोसा बसल्यास तिच्यामागचे तळहाताचे हाड मोडू शकते.

पिशवी लांब झोके घेऊ लागली, तर आपण तिला ढकलत आहात असे समजावे. ती जागच्या जागी थरारली आणि आवाज कोरडा आला, तर ठोसा बसला. हात पूर्ण सरळ होण्याआधी मूठ लागेल एवढेच अंतर ठेवावे, आणि लागताच ती त्याच वाटेने हनुवटीपाशी परत आणावी.

जॅबचे, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाचे, मुख्य काम अंतर मोजण्याचे आणि पुढच्या ठोशाला वाट करून देण्याचे असल्याने त्यात फार ताकद शोधू नये. हूकमध्ये, म्हणजे वाकवलेल्या हाताने बाजूने मारायच्या ठोशात, मात्र ती भरपूर असते, आणि चुकाही. कोपर साधारण काटकोनात वाकवून मुठीच्या उंचीवर आणावे, हात तसाच धरून पुढची टाच बाहेर वळवावी आणि धड फिरवावे; हात वेगळा भिरकावायचा नसतो. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बॉक्सर जो फ्रेझरने १५व्या फेरीत मुहम्मद अलीला खाली पाडले ते डाव्या हूकनेच. त्याचे चित्रण मिळाल्यास मुठीकडे न पाहता कंबरेकडे पाहावे. अपरकटसाठी, म्हणजे खालून वर मारायच्या ठोशासाठी, हात खाली न्यायची बहुतेकांना सवय असते, तेवढ्यात चेहरा उघडा पडतो. त्याऐवजी गुडघे थोडे वाकवून पायांच्या रेट्याने वर उठावे.

आता आपल्या पिशवीविषयी. वाळू तळाशी घट्ट बसते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलही धरते, त्यामुळे मनगटे दुखावतात. ती काढून जुन्या कपड्यांच्या चिंध्या दाबून भराव्यात, आणि ग्लोव्ह्ज असले तरी आत हातपट्टी गुंडाळावी. किनाऱ्यावर सराव करायचा झाल्यास ओहोटीनंतरची ओली, टणक वाळू निवडावी. सुक्या वाळूत पाऊल रुतते, टाच वळत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो.