मुलांसोबत बांधायची गाडी: किट कोणतं घ्यावं?

हलक्या किट स्पोर्ट्स कारबद्दल, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायच्या गाड्यांबद्दल, आई-वडिलांची आणि काही मुलांचीही पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतो आहे.

प्रश्न: मुलगा १४ वर्षांचा आहे. गाड्यांचं वेड दोघांनाही आहे, पण इंजिन कधी खोललेलं नाही. लोटस सेव्हनच्या घराण्यातली केटरहॅम, माझदा मिआटावर बांधायची एक्सोसेट आणि फॅक्टरी फाइव्ह कंपनीची ८१८ अशा तीन गाड्या डोळ्यांसमोर आहेत. कोणती घ्यावी?

तिन्ही गाड्या चांगल्या आहेत. मात्र तयार गाडी कशी धावते हे थोडा वेळ बाजूला ठेवा आणि गॅरेजमध्ये तुम्हाला रोज कोणतं काम करावं लागेल ते पाहा. गाडी चालवायला पुढे आयुष्य पडलं आहे, मुलगा घरात आहे तो मात्र आणखी चार-पाच वर्षंच.

कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये लोटस सेव्हन आणली. पोलादी नळ्यांची चौकट, वर ॲल्युमिनियमचे पत्रे, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. तेव्हापासून ती किट म्हणूनही विकली गेली. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे आले आणि तिथे ती आजही बनते. केटरहॅमच्या किटमध्ये चौकट वेल्ड करून, पत्रे बसवून येते. सुटे भाग नवे असतात आणि तुमच्याकडे जोडणीचं काम उरतं. काम स्वच्छ आहे, लवकर संपतं, पण पैसा सर्वांत जास्त इथेच लागतो. शिवाय गंजलेला बोल्ट सोडवणं, झिजलेलं बेअरिंग हाताने ओळखणं, बिघाड शोधत मागे मागे जाणं हे यात फारसं शिकायला मिळत नाही.

एक्सोसेट पहिल्या दोन पिढ्यांच्या मिआटावर, म्हणजे एमएक्स-५ वर, उभी राहते. या मिआटात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) एका लांब फ्रेमने मुळातच जोडलेले असतात. त्यामुळे बॉडी वर उचलली की इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, दोन्ही सबफ्रेम (सस्पेन्शन धरणाऱ्या छोट्या चौकटी) आणि चाकं असा सगळा सांगाडा एकसंध खाली राहतो. त्यावर नवी चौकट बसते. वायरिंग हार्नेस, म्हणजे तारांची जुडी, त्याच गाडीची वापरता येते. जवळजवळ सगळं एकाच जुन्या गाडीतून मिळत असल्यामुळे ‘हा भाग कोणत्या मॉडेलचा?’ या प्रश्नात महिने जात नाहीत.

८१८ सुबारू इम्प्रेझाच्या भागांवर बनते, पण पुढचं इंजिन मागे जातं. त्याबरोबर पाण्याचे पाइप लांबवावे लागतात आणि हार्नेस उलगडून त्यातल्या नको त्या तारा काढाव्या लागतात. हे काम सुंदर आहे, पण एक गाडी बांधून झालेल्या माणसाचं आहे.

तुमच्यासाठी मी एक्सोसेट सुचवेन. जुनी मिआटा चालू स्थितीत घ्या, खोलण्याआधी काही आठवडे चालवा आणि प्रत्येक आवाज, प्रत्येक गळती मुलाला वहीत लिहायला लावा. नंतर तयार गाडीत एखादा दोष दिसला, तर तो जुना की आपण केलेला, हे त्या वहीवरून कळेल. साधारण १,००० किलोची गाडी ७०० किलोच्या आसपास येते. ११५ अश्वशक्तीचं तेच इंजिन टनाला ११५ ऐवजी १६० च्या वर अश्वशक्ती देऊ लागतं. इंजिनातला एकही भाग न बदलता गाडी बदलली, हे त्या वयाच्या मुलाने स्वतः अनुभवावं असं मला मनापासून वाटतं.

किट मागवण्याआधी मात्र तुमच्या भागात अशी गाडी रस्त्यासाठी नोंदवता येते का, ते लेखी विचारून घ्या. ब्रिटनमध्ये प्रत्येक गाडीची स्वतंत्र मंजुरी चाचणी असते, अमेरिकेत राज्याराज्यांत नियम बदलतात. काही ठिकाणी ती फक्त ट्रॅकवर चालवता येईल. तेही चालेल, पण ते आधी माहीत हवं.

प्रश्न: डोनर म्हणून, म्हणजे भाग काढून घ्यायला, जुनी मिआटा घेताना काय पाहावं?

बॉडी गंजलेली असेल तर आनंदाने घ्या, ती तुम्ही टाकूनच देणार आहात. सबफ्रेम आणि सस्पेन्शनच्या आर्म्स गंजलेल्या किंवा वाकलेल्या नकोत, कारण त्या नव्या गाडीत जाणार आहेत. अपघातातली गाडी असेल तर धक्का कुठे बसला ते पाहा. चाकाजवळ बसला असेल तर सोडून द्या. १९८९ ते १९९१ च्या सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) पुढचं टोक आखूड असायचं. तिथली पुली डगमगून तिला जागी धरणाऱ्या धातूच्या चावीची खाच झिजल्याची उदाहरणं आहेत. इंजिन चालू ठेवून पुली डुलते का बघा. आणि गाडीची कागदपत्रं नसतील तर किंमत कितीही कमी असो, हात लावू नका.

प्रश्न: माझं स्वप्न व्ही-८ इंजिनच्या कोब्रा रेप्लिकाचं, म्हणजे जुन्या कोब्रा स्पोर्ट्स कारच्या प्रतिकृतीचं, आहे. मुलीबरोबर तीच बांधली तर?

स्वप्न तुमचं आहे, म्हणून ती दुसऱ्या खेपेला बांधा. वजनदार इंजिनला क्रेन लागते, फायबरग्लासच्या बॉडीची फटींची जुळणी आणि रंगकाम महिनोन्‌महिने चालतं. मुलीचा उत्साह नेमका त्या घासकामात आटतो. हलकी, उघडी गाडी लवकर ‘चालू’ होते. बॉडीशिवाय इंजिन पहिल्यांदा सुरू होण्याचा दिवस जितका लवकर आणता येईल तितका आणा.

प्रश्न: मी १६ वर्षांची आहे. किट घरी आलंय, पण बाबा सगळं स्वतःच करतात. मी फक्त पाना आणून देते. काय करू?

बाबांना हे उत्तर वाचायला दे. सुटी सुटी कामं मागू नकोस, एक पूर्ण विभाग माग. मी तुला वायरिंग घे म्हणेन. मोठी माणसं याच कामाला बिचकतात आणि डोकं शांत असेल तर ते उत्तम जमतं. एक मल्टिमीटर, गाडीची वायरिंग आकृती आणि लेबलं एवढं जवळ ठेव. जुन्या गाडीतला प्रत्येक कनेक्टर सुटण्याआधी त्यावर लेबल लाव आणि फोटो काढ. नव्या चौकटीवर पावडर कोटिंग असेल, तर त्यातून वीज जात नाही. अर्थिंगच्या जागी कोटिंग खरवडून उघड्या धातूवर जोड घ्यावा लागतो, मग गंज लागू नये म्हणून वरून ग्रीस. गाडी पूर्ण झाल्यावर दिवे मंद लागणं, काटे नाचणं, इंजिन मध्येच बंद पडणं यांपैकी बऱ्याच तक्रारींचं मूळ अशा कच्च्या अर्थिंगमध्येच सापडतं.

बाबांसाठी: मुलीने चूक केली तर ती तिलाच शोधू द्या. स्टिअरिंग, ब्रेक आणि सस्पेन्शनचे बोल्ट मात्र याला अपवाद आहेत. तिथे एकाने टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) ठरलेल्या मापाला आवळायचं, दुसऱ्याने तपासायचं आणि मगच बोल्ट व त्याखालच्या भागावरून रंगाची सलग रेघ मारायची. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट सैल झाला आहे हे लगेच कळतं. तुम्ही आवळलेले बोल्टही तिने तपासावेत. गाडीखाली जाताना दोघांनाही एकच नियम, फक्त जॅकच्या भरवशावर कधीही नाही, खाली स्टँड हवेतच.

प्रश्न: एकाचं अर्धवट राहिलेलं किट स्वस्तात मिळतंय. घ्यावं का?

पहिल्या गाडीसाठी शक्यतो नको. माणसं सोपी कामं उरकून अवघड ठिकाणी थांबतात, त्यामुळे तुमच्या वाट्याला अवघडच उरतं. गहाळ भागांची यादी कोणाकडेच नसते आणि दुसऱ्याने आवळलेला प्रत्येक बोल्ट पुन्हा उघडावा लागतो. ब्रेकच्या नळ्यांत पाणी शिरलेलं तेल पडून असतं, कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. चौकट घरी वेल्ड केलेली असेल तर जाणकार वेल्डरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. कंपनीची चौकट, सीलबंद खोकी आणि सगळ्या पावत्या असतील तर विचार करा.

प्रश्न: गाडी तयार झाली की मुलाला, लायसन्स मिळाल्यावर, हीच पहिली गाडी म्हणून द्यावी का?

नाही. या गाड्यांत सहसा एअरबॅग नसतात, एबीएस नसतं, बाजूने धडक बसली तर मध्ये फक्त नळी आणि पत्रा असतो. बसण्याची जागा इतकी खाली असते की मोठ्या गाड्यांच्या चालकांना ही गाडी दिसतही नाही. रस्त्याची समज त्याला साध्या बंद गाडीत येऊ द्या. ही गाडी त्याला ट्रॅकवर, प्रशिक्षकाच्या शेजारी बसून शिकू द्या. हलकेपणाचा फायदा तिथेच कळतो. १०० किमी वेगावरून थांबताना ६०० किलोच्या गाडीचे ब्रेक सुमारे २३० किलोज्यूल ऊर्जा शोषतात, १,२०० किलोच्या गाडीचे त्याच्या दुप्पट. त्यामुळे ब्रेक आणि टायर दमत नाहीत आणि नवशिक्याला जास्त फेऱ्या मिळतात. रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान, मात्र पहिल्या दिवसापासून हवा, आणि चार पट्ट्यांचा सीटबेल्ट (हार्नेस) रोल बार व योग्य सीट असेल तरच.

प्रश्न: मुलगा उंच आहे आणि अजून वाढतोय. मापाचं काय?

किट मागवण्याआधी तयार गाडीत दोघांनीही बसून पाहा, फोटोवरून ठरवू नका. मूळ सेव्हनच्या मापाची चौकट अरुंद असते. केटरहॅम म्हणूनच ‘एसव्ही’ ही ११० मिमीने जास्त रुंद चौकटही देते. बसल्यावर स्टिअरिंग पूर्ण फिरवा, गुडघा लागतो का बघा. डोकं रोल बारच्या वर यायला नको, आणि वाढत्या मुलासाठी तिथे थोडी जागा शिल्लक ठेवा. पेडल एकमेकांना खेटून असतात, म्हणून जे बूट घालून गाडी चालवणार तेच घालून जा, आणि एकट्या ब्रेकवर पाय ठेवताना शेजारचं पेडल दाबलं जात नाही ना, हे दोघांनीही करून पाहा.